वरचं पाकीट कंपनीचं

ताईच्या हातून आजवर एक कागद चुकीच्या फायलीत गेला नव्हता. मोठ्या इस्पितळाच्या नोंदणी विभागात तिची एकवीस वर्षं गेली होती आणि तिथे शिपायापासून बड्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. म्हणूनच वडील गेल्यावर तिने आत्याला छातीठोकपणे सांगितलं, "चार दिवस! चार दिवसांत बाबांचं सगळं मार्गी लावते. एक टाचणी इकडची तिकडे व्हायची नाही."

आत्या म्हणाली, "तुझ्या बापाने आयुष्यभर टाचण्याच वाजवल्या. तेवढ्या मोजून ठेव."

हे खरं होतं. बाबा प्रयोगशील संगीतकार होते. म्हणजे ज्या वस्तूला हात लावला की घरचे "ए, वाजवू नकोस ते!" म्हणून ओरडतात, त्या वस्तू ते वाजवत. पत्रा, नळ, सायकलचं चाक, एकदा तर खरोखरच ताटात पडणाऱ्या टाचण्या. एकूण एकवीस अल्बम, एकातही शब्द नाही आणि सूर तर औषधालाही नाही. "सूर म्हणजे सोय," असं ते म्हणत. त्यांचे चाहते जगभरातले मिळून तीनशेच्या आसपास असतील. पण चाहते जितके थोडे तितके कडवे! मागे एका अल्बममध्ये बाबांकडून चुकून गोड जागा घेतली गेली, तर अकरा पत्रं आली होती. सगळ्यांत एकच प्रश्न : सर, तब्येत बरी आहे ना?

तब्येत बिघडली ती नंतर. आणि बिघडली ती बिघडलीच. इस्पितळात तोंडावरचा मास्क बाजूला करून बाबा तिला म्हणाले, "टेबलावर दोन पाकिटं आहेत. वरचं कंपनीचं, खालचं सेक्रेटरीचं."

"नावं घातलीयेत ना त्यांवर?"

"नाव घातलं की काम बिघडतं."

ही त्यांची जुनी खोड. टपालाच्या खिडकीशी उभं राहिल्याशिवाय पाकिटावर नाव घालायचे नाहीत.

कंपनी म्हणजे त्यांचे अल्बम काढणारी कंपनी. एक मालक, एक खोली, एक पंखा. तिच्यासाठी नवा अल्बम होता. आणि सेक्रेटरी म्हणजे इमारतीचा सेक्रेटरी. बाबांच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागूनच पाण्याचा पंप होता. तो पहाटे पाचला सुरू होई तेव्हा उशीखाली कुणी गहू दळतंय असं वाटे. बाबांनी तीन वर्षं तक्रारी केल्या. दर वेळी सेक्रेटरी म्हणायचा, "काका, पुरावा द्या." आता ज्याच्या घरात चौदा मायक्रोफोन, त्याच्याकडे पुरावा मागायचा म्हणजे! बाबांनी नऊ ठिकाणांहून पंपाचं जातिवंत ध्वनिमुद्रण केलं, पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि सोबत स्वच्छ अक्षरात यादी जोडली : उशीशी. उशीशी, खिडकी बंद. न्हाणीघर, पहाट. तेच, दुसऱ्या दिवशी. अजूनही.

ताईने वरचं पाकीट कंपनीला पाठवलं, खालचं सेक्रेटरीच्या हातात दिलं आणि दोन्हींची पोच घेतली. आतलं ऐकलं मात्र नाही. ते काम तिच्या यादीत नव्हतंच, असं तिने स्वतःला बजावलं. भाड्याचं घर रिकामं करून चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आपल्या शहरात परतही गेली. वचन म्हणजे वचन!

तीन महिन्यांनी कंपनीच्या मालकाचा फोन आला. "ताई, इतिहास घडलाय, इतिहास! नुसता 'अजूनही' हा शेवटचा तुकडा ऐकून माणसं ढसाढसा रडतायत!"

त्याने चाहत्यांचे अभिप्राय धाडले. जेवणाच्या सुट्टीत ताई ते वाचू लागली. एकाने लिहिलं होतं, 'मरणाच्या दारात उभा राहून इतक्या निर्विकारपणे कुणी वाजवलं नसेल.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'आजवर सर नकार द्यायचे, आता नकारालाच नकार दिलाय.' तिसऱ्याला त्यात काळाचं चाक दिसलं होतं, चौथ्याला आईचं पोट. एका बाईने पाळीव मांजरीला अल्बम ऐकवला होता. ती दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नव्हती आणि बाईंच्या मते तिला सगळं कळलं होतं.

सगळ्यांत लांब अभिप्राय होता चाहत्यांच्या म्होरक्याचा. दाढी एवढी, की तोंड कुठे आहे ते बोलल्यावरच कळावं. या दाढीवाल्याने नुसत्या खोकल्यावर बारा पानं लिहिली होती. 'न्हाणीघर, पहाट' या तुकड्यात चौथ्या मिनिटाला एक खोकला आहे, नवव्या मिनिटाला दुसरा. चार आणि नऊ, दोन्ही वर्गसंख्या! सरांनी शरीरालाच तालवाद्य केलं आहे!

ताईने पहिल्यांदाच कानाला हेडफोन लावले. घर्र, घर्र, खट्. घर्र, घर्र, खट्.

पुढचं ऐकायची गरजच नव्हती. त्या भिंतीशी डोकं ठेवून ती कैकदा झोपली होती. म्हणजे जागी राहिली होती. तरी तिने ऐकलं, कारण खोकला यायचा होता. तो आला. वर्गसंख्या वगैरे काही नव्हतं. मागे फोनवर तिने विचारलं होतं, "बाबा, हा कसला खोकला?" ते म्हणाले होते, "धूळ." आणि एकवीस वर्षं इस्पितळात काढलेल्या या बाईने 'धूळ' ऐकून विषय बदलला होता.

तिने आत्याला फोन लावला. "आत्या, बाबा गेले त्या दिवशी तू टेबल पुसलंस का?"

"म्हणजे काय! माणसं भेटायला यायची होती. एवढी धूळ बघून काय म्हणाली असती?"

"पाकिटं उचललीस?"

"उचलल्याशिवाय टेबल पुसायची विद्या मला येत नाही बाई. उचलली, पुसलं, ठेवली."

"कोणतं वर ठेवलंस?"

आत्या म्हणाली, "पाकिटांना वर-खाली असतं हे मला काय ठाऊक? तुम्हा बापलेकींचं सगळंच जगावेगळं!"

दुसऱ्याच दिवशी ताई सेक्रेटरीच्या दारात हजर. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं आणि अभिमानाने सांगितलं, "तुमच्या वडिलांचं काम आम्ही अडवून ठेवलं नाही हां! समितीची खास बैठक बोलावली. सात जण. चाळीस मिनिटं पूर्ण ऐकलं. मध्ये कुणी उठलं नाही."

"आणि?"

"पंपाचा आवाज नाही त्यात! आम्ही कान देऊन बसलो होतो. आता येईल, मग येईल. पण नाहीच. माउथऑर्गनसारखं काहीतरी गोड वाजत होतं. आमची मंडळी तर म्हणाली, पंप असा वाजत असेल तर तक्रार कसली करतात?" त्याने इतिवृत्ताची वही उघडून बोट ठेवलं. 'पुरावा काळजीपूर्वक ऐकण्यात आला. आक्षेपार्ह काहीही आढळले नाही. तक्रार निराधार ठरवून निकाली काढण्यात येत आहे.'

पाकीट मात्र त्याने जपून ठेवलं होतं. ताईने ते तिथेच जिन्यात बसून ऐकलं. चाळीस वर्षं चारचौघांत सुराचं तोंड न पाहिलेल्या माणसाने नऊ सरळ, साध्या चाली माउथऑर्गनवर वाजवल्या होत्या. चुकत, थांबत, पुन्हा धरत. त्यांतल्या दोन तिला ओळखीच्या होत्या. ती लहान असताना शाळेच्या बसची वाट पाहताना बाबा त्या वाजवत आणि बस दिसली की माउथऑर्गन झटकन खिशात लपवत. कुणी चाहत्याने पाहिलं तर?

जिन्यावरून येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे पाहून पायरी सोडून चालत होती.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. बाबांनी शेवटी जे वाजवलं ते बाबांचं म्हणून लोकांनी ऐकायला हवं. कंपनीच्या मालकाने कपाळावर हात मारला, "ताई, हळू बोला, भिंतीला कान असतात," म्हणाला. पण माणूस सज्जन होता. त्याने खरा अल्बम काढला आणि सोबत खुलासाही जोडला : आधीचा अल्बम म्हणजे पाण्याच्या पंपाविरुद्धची तक्रार होती. क्षमस्व.

मग जी आग भडकली! 'बनावट!' 'चाळीस वर्षं सूर मोडणारा माणूस मरताना सूर लावेल?' 'हे लेकीने स्वतः वाजवलेलं दिसतं, तेही वाईट.' 'सरांच्या सर्वश्रेष्ठ कृतीला पंप म्हणायला जीभ कशी धजते?' चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात, तर इथे चोर कोण हेच ठरेना. खरा अल्बम मागे घ्यावा म्हणून अर्ज निघाला. त्यावर चारशे सह्या झाल्या. म्हणजे चाहते वाढले होते!

दाढीवाल्याने तर फोनच केला. "ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्हाला सर कळलेच नाहीत."

"मी त्यांची मुलगी आहे."

"तेच म्हणतोय मी. पिकतं तिथे विकत नाही. घरच्यांना माणूस दिसतो, कलावंत दिसत नाही."

ताई आजवर कुणावर ओरडली नव्हती. तेव्हाही ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "रविवारी सकाळी दहाला इमारतीत या. पंप तिथेच आहे. तुम्हीच ऐका आणि ठरवा."

रविवारी दाढीवाला आला. सोबत चौघे, काळ्या कपड्यांत, सगळ्यांच्याच गळ्यात रेकॉर्डर. ताईने सेक्रेटरीलाही बोलावलं होतं. सगळे पंपाच्या खोलीसमोर देवळासमोर उभं राहावं तसे उभे राहिले. सेक्रेटरीने बटण दाबलं.

काही नाही. म्हणजे पंप चालू झाला. टाकीत पाणीही पडू लागलं. पण आवाज? बाळ झोपेत श्वास घेतं, तेवढा!

"हे काय?" ताई म्हणाली. "आवाज कुठे गेला?"

"तुमच्या वडिलांच्या जागी आता दाताचे डॉक्टर राहतात ना," सेक्रेटरी म्हणाला. "आल्या आल्या त्यांनी फोन केला, पंप फार वाजतो म्हणून. लगेच माणूस बोलावला. बेअरिंग गेलं होतं. वीस मिनिटांचं काम!"

"बाबांनी तीन वर्षं सांगितलं होतं तुम्हाला!"

"डॉक्टरांनी तोंडी सांगितलं हो. लेखी आलं की समिती बसवावी लागते."

"मग निदान यांना सांगा, की पंप वाजायचा."

सेक्रेटरी अवघडला. "तसं कसं सांगू? वहीत निराधार म्हणून नोंद आहे. सात जणांच्या सह्या आहेत." आणि त्याने वही पुढे केली.

दाढीवाल्याने ती नोंद दोनदा वाचली, तिचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे चारशे जणांना धाडून दिला : सरकारदरबारी सिद्ध झालं, पंपाला आवाजच नव्हता! मग तो ताईकडे वळला. आवाजात दया होती आणि दयेसारखं झोंबणारं दुसरं काही नाही. "ताई, दुःखात माणसाला भास होतात. आम्ही समजू शकतो. ते माउथऑर्गनचं तेवढं मागे घ्या. सरांच्या नावाला बट्टा लागतोय."

ताईने त्या पाच जणांकडे पाहिलं. सेक्रेटरीकडे पाहिलं. श्वास घेणाऱ्या पंपाकडे पाहिलं. एकवीस वर्षांत एकही कागद न चुरगळलेल्या त्या बाईने पंपाच्या खोलीचं लोखंडी दार दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन आपटलं.

धडाम्!

इमारत हादरली. कुठेतरी काचेचं काही फुटलं. मागोमाग कडी थरथरत राहिली : तर्र, र्र, र्र.

ताईने वळून पाहिलं तर पाचही जणांनी डोळे मिटलेले.

"तोच हात," दाढीवाला कापऱ्या आवाजात म्हणाला. "अगदी सरांचा हात! ताई, रक्तात आहे तुमच्या." त्याने गळ्यातला रेकॉर्डर चालू करून दारापाशी धरला. "पुन्हा एकदा कराल?"

चार महिन्यांत ताईबद्दल आणि बाबांबद्दल कुणी एका श्वासात बरं बोललं, ते हे पहिलंच. काय सांगावं! तिने पुन्हा दार धरलं, मागे ओढलं आणि आपटलं. या वेळी मध्ये बोट राहिलं.

ती ओरडली. लांबलचक, गळा मोकळा सोडून, इतक्या दिवसांचं सगळं त्यात घालून ओरडली. जिन्यात तो ओरडा बराच वेळ घुमत राहिला.

दाढीवाल्याने रेकॉर्डर बंद केला आणि सोबत्यांना हळूच सांगितलं, "शेवटचा ओरडा कापायचा. सुरात आहे."