साखरबाईंची तक्रार

"मी काही शिकायला चाललेली नाही, त्यांनाच शिकवून येणार आहे!" निघायच्या आदल्या दिवशी साखरबाईंनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. मग घसा साफ केला, आवाज खाली आणला आणि वाजणारा फोन उचलला. "नमस्कार, वीज तक्रार केंद्र. बोला ना!"

हे 'बोला ना' म्हणजे त्यांची खासियत. त्यातल्या 'ना'ला त्या असा काही लाडिक हेलकावा देत, की लाइट गेली म्हणून तावातावानं फोन करणारा माणूस आपण कशासाठी फोन केला तेच क्षणभर विसरून जाई. ऑफिसात त्यांना साखरबाई हे नाव पडलं ते यामुळेच. घरी हे नाव कळलं त्या दिवशी नवऱ्याला हसता हसता जोराचा ठसका लागला. आपण का हसलो हे त्यानं अजूनपर्यंत सांगितलेलं नाही. शहाणा माणूस!

तक्रार केंद्रात त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "मेन स्विच बघितला का?" निम्म्या लोकांच्या घरात तोच पडलेला असायचा. फोन ठेवला की साखरबाई शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणत, "स्विच लावता येत नाही आणि आमच्या नावानं शंख करतात! कसे जगतात हो हे लोक?"

तर अशा साखरबाईंना खात्यानं मोठ्या शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, 'संतापलेल्या ग्राहकाशी शांत संवाद'. राहायचं एका हॉटेलात आणि शिकायचंही त्याच हॉटेलच्या सभागृहात. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, "तिकडून प्रशिक्षकांचा शेरा चांगला आला, की केंद्रप्रमुखाची खुर्ची तुमची. नाही आला, तर मला दुसरं नाव शोधावं लागेल."

"दुसरं नाव शोधूच नका साहेब!" साखरबाई म्हणाल्या.

नवऱ्याला मात्र काळजी लागली. "अगं, तू कधी एकटी गेलेली नाहीस. मी येऊ का बरोबर?"

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे? आख्ख्या शहराची वीज सांभाळते मी!"

वीज त्या सांभाळत नसत, फोन सांभाळत. पण प्रवासाला निघालेल्या बायकोशी वाद घालू नये, एवढं त्या गृहस्थाला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

शहरात उतरल्यावर रिक्षा शोधण्यापासून हॉटेलच्या फिरत्या दारातून (एक जादा फेरी मारून का होईना) आत शिरण्यापर्यंत सगळं त्यांनी एकटीनं पार पाडलं. काउंटरवरच्या माणसानं किल्लीऐवजी एक कार्ड दिलं. सामान घेऊन आलेल्या कामगारानं त्या कार्डानं दार उघडलं, बॅग आत ठेवली, "हे जपून ठेवा मॅडम," असं म्हणून कार्ड त्यांच्या हातात दिलं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगा आणायला पळाला. साखरबाईंनी ते जपून ठेवलं. म्हणजे पर्सच्या आतल्या कप्प्यातल्या पाकिटाच्या चोरकप्प्यात! खिडकीतून छान ऊन येत होतं. त्या पलंगावर टेकल्या आणि प्रवासाच्या शिणानं तिथेच गाढ झोपल्या.

जाग आली तेव्हा दिवस मावळला होता. खोलीत काळोख. त्यांनी हात लांब करून बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. भिंतीवरची सगळी बटणं पेटीच्या पट्ट्यांसारखी वर-खाली वाजवून झाली, पण उजेड काही पडेना. बाथरूमकडे चाचपडत जाताना गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर असा आपटला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढाच काय तो खोलीतला उजेड! मग त्यांनी खोलीतला फोन उचलून खाली काउंटरला लावला.

फोनवर काय झालं ते साखरबाईंच्या आठवणीप्रमाणे असं. त्या म्हणाल्या, "अहो, जरा लाइटचं बघता का?" पलीकडची मुलगी म्हणाली, "बघते हं, मॅडम." संपलं.

थोड्याच वेळात एक कामगार आला. त्यानं खोलीत नजर टाकली, दाराशेजारच्या भिंतीतल्या खाचेकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुमचं कार्ड?"

"ते कशाला हवंय आता?" म्हणत साखरबाईंनी पर्समध्ये हात घालून बराच वेळ खोदकाम केलं आणि कार्ड काढून दिलं. त्यानं ते खाचेत सरकवलं. त्याबरोबर सगळे दिवे लागले, एसी घुरघुरला आणि टीव्हीवरची एक बाई ठणाणा बातम्या सांगू लागली.

साखरबाईंनी छताकडे बघितलं. "आली वाटतं लाइट!"

"हो मॅडम," कामगार म्हणाला आणि चेहरा न हलवता निघून गेला.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, इथे लाइट गेली होती! पण मी एक फोन केला आणि आणवली."

"कशी काय?"

"बोलायची पद्धत असते एकेकाची!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. कुणी पार्सल कंपनीतून, कुणी बँकेतून, कुणी टेलिफोनमधून आलेलं. साखरबाईंच्या शेजारी पाणीपुरवठा खात्यातले एक गोलमटोल गृहस्थ बसले होते. त्यांना सगळं पटत असे. कुणी काहीही बोललं, की ते "बरोब्बर!" म्हणत.

प्रशिक्षक हे मऊ आवाजाचे, मऊ बुटांचे आणि मऊ हातांचे गृहस्थ होते. चहानंतर ते उत्साहानं म्हणाले, "आता पुस्तकी बोलणं पुरे. तुमच्यासाठी मी एका खऱ्याखुऱ्या फोनचं रेकॉर्डिंग मिळवलंय. फोन कालचाच आहे, अगदी ताजा! नाव आणि ठिकाण काढून टाकलंय. खरं सांगतो, मीही पुरता ऐकलेला नाही. सुरुवात ऐकली आणि म्हटलं, हाच हवा!"

त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. स्पीकरमधून एक आवाज फुटला. फुटला म्हणजे फुटलाच! पत्र्याच्या डब्यात मांजर अडकावं आणि डबा जिन्यावरून गडगडत यावा, तसा.

"हॅलो! किती वेळ लागतो हो फोन उचलायला? झोपा काढता का तिथे बसून? पगार कशाचा घेता?"

प्रशिक्षकांनी तिथेच थांबवलं. "बोला. या ग्राहकाबद्दल तुमचं मत काय?"

साखरबाईंचा हात सगळ्यांत आधी वर गेला. माणसाला आपला आवाज आतून ऐकायची सवय असते, बाहेरून तो कसा ऐकू येतो ते बिचाऱ्याला कधी कळत नाही. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला ठेवणीतला आवाज लावला.

"सर, या बाईला घरी कुणी विचारत नसणार. म्हणून ही परक्यांवर तोंड टाकते. हिच्या नवऱ्याची तर मला फार दया येते! अशा बाईशी बोलताना एकच लक्षात ठेवायचं, की ही आजारी आहे."

"बरोब्बर!" पाणीवाले म्हणाले. सभागृहात टाळ्या पडल्या. प्रशिक्षकांनी खूश होऊन समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. साखरबाईंना केंद्रप्रमुखाची खुर्ची दिसू लागली. गादीसकट!

"ऐकू या पुढे," प्रशिक्षक म्हणाले.

"खोलीत मिट्ट काळोख आहे माझ्या! गुडघा फुटला माझा!"

साखरबाईंचा हात नकळत गुडघ्याकडे गेला. तिथे सकाळीच त्यांनी मलम चोळलं होतं. काल आणखी कुणाचा तरी गुडघा फुटला असेल, अशी एक वेडी आशा त्यांना वाटली.

"मॅडम, दाराजवळच्या खाचेत कार्ड घातलंय का आपण?" एक शांत, तरुण आवाज.

"कार्ड? मी लाइटबद्दल बोलतेय आणि तुम्ही कार्डाचं काय काढलंत?"

 आता मात्र यापुढचं वाक्य साखरबाईंना आठवलं. अगदी शब्दन् शब्द! कालपासून जी आठवण साखरेत घोळून ठेवली होती, तिची साखर भराभर विरघळू लागली. पुढचं वाक्य सभागृहात पडता कामा नये!

त्यांच्या खुर्चीखालून एक वायर स्पीकरकडे गेली होती. साखरबाईंनी पाय लांब केला, अंगठ्यानं प्लग शोधला आणि हिसका दिला. स्पीकर मुका झाला.

"अरेच्चा, लाइट गेली का?" प्रशिक्षकांनी वर बघितलं. दिवे तर चालू होते. "मॅडम, तुम्ही वीज खात्यातल्या ना? जरा बघता का?"

सगळ्या सभागृहानं मोठ्या विश्वासानं साखरबाईंकडे बघितलं. "बघते ना!" म्हणत त्या टेबलाखाली शिरल्या आणि तिथेच बसून राहिल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत असंच बसता आलं तर फार बरं होईल, असा त्यांचा विचार होता. पण शेजारून पाणीवाले वाकले.

"अहो, हा बघा, प्लग निघालाय!" त्यांनी आनंदानं तो परत खोचला.

साखरबाई खुर्चीवर येऊन बसल्या आणि त्यांनी पुन्हा हिसका दिला. पाणीवाल्यांनी पुन्हा खोचला. "सैल आहे जरा," ते म्हणाले, "मी धरून बसतो." आणि तो भला माणूस खरोखरच खाली मांडी घालून, प्लग दाबून धरून बसला!

प्रशिक्षकांनी रेकॉर्डिंग थोडं मागे नेलं आणि स्पीकर पुन्हा सुरू झाला.

"मला विजेचं शिकवता? मला? अहो, मी वीज खात्यात आहे!"

 सभागृहातली एकेक मान वळू लागली.

"वीज खात्यात... म्हणजे..." साखरबाई घाईघाईनं म्हणाल्या, "बायका काय कमी आहेत का आमच्या खात्यात?"

"बरोब्बर! हजारो असतील," खालून आवाज आला. साखरबाईंच्या जिवात जीव आला. पण रेकॉर्डिंग संपलेलं नव्हतं.

"आणि उद्या मला लोकांना शांतपणे बोलायचं कसं ते दाखवायचंय! कळलं? शांतपणे!! आणि तुम्ही आजच माझं डोकं फिरवताय!"

यानंतर जे हसू उसळलं, त्यानं खिडक्यांच्या काचा थरथरल्या असाव्यात. बँकेतली बाई डोळे पुसत होती. पार्सलवाला टेबलावर बुक्क्या मारत होता. एकटे पाणीवाले तेवढे हसले नाहीत. ते टेबलाखालून डोकं बाहेर काढून म्हणाले, "सोडू का आता प्लग?"

प्रशिक्षकांचा मऊ चेहरा गोरामोरा झाला होता. "मॅडम, माफ करा, याच हॉटेलवाल्यांनी दिला होता हा फोन, पण मला खरंच कल्पना नव्हती. बंद करतो हे."

साखरबाई उभ्या राहिल्या. कान तापले होते, खुर्ची तर केव्हाच हातची गेली होती. आता आणखी जायला काही उरलं नव्हतं.

"राहू दे सर, चालू ठेवा," त्या म्हणाल्या. हा आवाज ना ऑफिसातला होता, ना काल फोनवरचा. "आवाज माझाच आहे. आणि कार्ड पर्समध्ये होतं."

मग सगळ्यांनी फोन शेवटपर्यंत ऐकला. या वेळी साखरबाईंना पलीकडची मुलगी ऐकू आली. काल ती त्यांना ऐकूच आली नव्हती. ती म्हणत होती, "मॅडम, लांबून आलात, दमला असाल. गुडघ्याला फार लागलंय का? मी माणूस पाठवते, तोवर पलंगावर बसून राहा, काळोखात पुन्हा लागायला नको."

एवढं सगळं ती बोलली होती! आणि आपल्या आठवणीत राहिलं होतं फक्त 'बघते हं, मॅडम'. वर्षानुवर्षं रोज फोन उचलणाऱ्या साखरबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, की पलीकडे फोन घेऊन बसलेल्या माणसाला आपण केवढं काय काय पाठवतो!

प्रशिक्षकांनी शेरा काय लिहिला? त्यांनी साखरबाईंना दाखवूनच लिहिला. 'चूक कबूल करण्याचे धैर्य असामान्य.' वर हळूच विचारलं, "मॅडम, तुमची हरकत नसेल तर हे रेकॉर्डिंग आम्ही पुढच्या तुकड्यांना ऐकवत जाऊ? असा नमुना पुन्हा मिळायचा नाही." साखरबाई नाही म्हणणार कुठल्या तोंडानं? त्या तोंडानंच तर घोटाळा केला होता.

सत्र संपल्यावर त्या खोलीकडे न जाता थेट काउंटरकडे निघाल्या. त्या मुलीची माफी मागायची, आणि तीही समोर उभं राहून, असं त्यांनी ठरवलं होतं. काउंटरवर एक तरुण मुलगी बसली होती. साखरबाईंनी तिला बोलूच दिलं नाही.

"हे बघ बाळ, काल संध्याकाळी फोनवर जी ओरडली ना, ती मी. कार्ड माझ्याच पर्समध्ये होतं. तू इतकं प्रेमानं विचारलंस आणि मी तुला नाही नाही ते बोलले. माझ्या मुलीच्या वयाची तू. मी स्वतः फोनवर बसते गं, मला कळायला हवं होतं. मनात राग ठेवू नकोस."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मुलीनं सगळं शांतपणे, मान हलवत ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"झालं मॅडम तुमचं बोलून?" तिनं अदबीनं विचारलं.

"हो गं."

"मॅडम, काल फोनवर मी नव्हते. ती दुसरी. ती आज रजेवर आहे."

"अरे देवा! का गं? बरं नाही का तिला?"

मुलीनं क्षणभर इकडे तिकडे बघितलं. "तसं काही विशेष नाही मॅडम. कान दुखतोय म्हणाली."

"कुठला?"

"फोनचा, मॅडम."