वेल्डर तात्यांची मेंढरं

आमच्या शेजारचे तात्या वेल्डिंगचा काळा मुखवटा चढवून लाकडावर मेंढी काढायला बसतात. लाकडातून ठिणग्या उडत नाहीत, हे त्यांना हजारदा सांगून झालंय. "सवय हाय भाऊ. तोंड झाकल्याबिगर हात चालत नाय."

वाळूजच्या एका कारखान्यात तात्यांनी उभी हयात वेल्डिंग केलं. रिटायर झाले आणि मोबाइलवर कुणीतरी लाकडावर जाळून चित्र काढताना दिसलं. झालं! दुसऱ्या दिवशी घरातली सोल्डरिंगची गन बाहेर आली. पहिला बळी आमचा पोळपाट. वेल्डरचा हात एका जागी थांबतो, आणि लाकडाला नेमकं तेच सोसत नाही. मेंढीच्या डोळ्यापाशी तात्या थांबले आणि खड्डा पडला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पोळीला एक टेंगूळ येतं. बायको भडकली, तर म्हणाले, "वहिनी, डोळा लई जित्ता आलाय!" पुढं गल्लीत तात्या दिसले की बायका लाटणी लपवायच्या.

मग शिकले हळूहळू. पॅकिंगच्या पेट्यांची मऊ फळी आणायची, पॉलिश पेपरनं घासायची, आधी पेन्सिलीची रेघ. "दाबायचं नाय, नुसतं फिरवत ऱ्हायचं," असं आता मलाच शिकवतात. पण काढणार मेंढ्याच. मी एकदा गुलाब मागितला.

"गुलाब कुणी राखलाय, भाऊ?" म्हणाले, आणि वैजापूरकडं लहानपणी वडिलांसोबत राखलेली मेंढी काढून दिली. "ही आमची कवळी. लई खोडील."

त्याच दिवशी मनातलं बोलले. "ह्या मेंढ्या हात बसायला. खरं तर आबाचं, माझ्या बापाचं, तोंड काढायचंय. फोटो एक बी नाय. माझ्यासंग गेलं तर गेलंच."

मी दर रविवारी त्यांच्याजवळ बसू लागलो. फळ्यांवर फळ्या वाया गेल्या. नाक जमलं की डोळे परक्याचे. एकदा तर म्हणाले, "ह्यो तर आमचा सुपरवायझर झाला!" दोघंही हसलो, पण त्यांनी ती फळी लगेच पालथी घातली.

गेल्या रविवारी चित्र पुरं झालं होतं. पुढं मेंढरं, मागं एक पाठमोरा माणूस. खांद्यावर घोंगडी, डावा खांदा जरा उतरलेला.

"आणि तोंड?" मी विचारलं.

"नाय आठवत, भाऊ. मी मागं चालायचो ना. दिसभर पाठच बघितली."

तात्यांनी त्या उतरलेल्या खांद्यावरून बोट फिरवलं.

"हाक मारली की वळायचा पन," ते म्हणाले.