मुकादमकीच्या अकरा पायऱ्या

"पायवाट बांधायला काय शिकायचं असतं?" असं सिमआनने पहिल्याच दिवशी भर वर्गात विचारलं होतं. तसं त्याचं फारसं चुकलंही नव्हतं म्हणा! लेबनानच्या डोंगरात त्याचा जन्म गेला होता. कसलाही आडमुठा दगड त्याच्या हातात आला की घरजावयासारखा गप बसायचा! त्यामुळे पायवाटा बांधणाऱ्यांसाठी गावात सहा आठवड्यांचा वर्ग निघाला, तेव्हा शेवटी मिळणारी मुकादमाची नोकरी आपल्याच खिशात आहे असं धरून तो मागच्या बाकावर पाय पसरून बसला.

नोकरी मिळणं मात्र भाग होतं. नाहीतर आफ्रिकेत, अबिजानला, थोरल्या भावाच्या दुकानात बसून गाद्या विकायच्या! भावाने तिकीटसुद्धा बघून ठेवलं होतं.

त्याच वर्गात त्याची मेव्हणी नजला होती. उतार किती ठेवायचा, पावसाचं पाणी कुठून काढायचं, सगळं ती वहीत उतरवून घ्यायची.

"दाजी, दगड उचलायच्या आधी मालकाची लेखी परवानगी लागते. एवढं तरी लिहून घ्या."

"अगं, अख्खं गाव माझ्या नात्यातलं! परवानगी मागितली तर लोक रुसतील माझ्यावर!"

परीक्षेत प्रत्येकाने तीन दिवसांत झऱ्याकडच्या चढावर अकरा दगडी पायऱ्या घालायच्या होत्या. पहिले दोन दिवस सिमआन इतरांच्या चुका काढत हिंडला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाह्या सरसावून स्वतःच्या जागेवर आला, तर आसपास सपाट दगड औषधालाही उरला नव्हता!

इकडेतिकडे बघताना वरच्या अंगाला अदला मावशीच्या अंजिराखालची भिंत दिसली. बुटकी, अर्धी ढासळलेली; पण दगड काय होते, एकेक जेवायच्या ताटासारखा! त्याने लगेच फोन लावला. मावशीला ऐकायला जरा कमीच यायचं.

"मावशी, अंजिराखालचे घेऊन जाऊ का?"

"ने की रे बाबा! हवे तेवढे ने! नुसते पडून सडतायत!"

दगड सडतात? सिमआनच्या मनात पाल चुकचुकली. पण पालीकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता! संध्याकाळपर्यंत भिंत उतरली आणि अकरा पायऱ्या चढल्या.

दुसऱ्या दिवशी बैरूतहून परीक्षक आले, उस्ताज लबीब. उस्ताज म्हणजे तिकडचे गुरुजी. माणूस कडक. प्रत्येक पायरीवर दोन्ही पायांनी उभं राहून झोके घ्यायचे. दगड कणभर जरी डुगडुगला तरी गुण कापायचे. त्यांनी सिमआनच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, एवढ्यात वरून एक शेळी ठुमकत उतरली.

"वा!" उस्ताज खूश झाले. "जनावराने आपणहून ही वाट धरली! याहून मोठी पावती नाही!"

सिमआनने मिशीवर हात फिरवला. मग दुसरी पावती आली. तिसरी आली. सातव्या पावतीने उस्ताजांच्या हातातल्या कागदाचा कोपरा खाल्ला. आणि सातही शेळ्यांच्या मागून काठी परजत अदला मावशी!

"माझी भिंत कुठाय रे मेल्या? गोठा मोकळा झाला माझा!"

"मावशी, तूच म्हणालीस ना, ने म्हणून!"

"अंजीर ने म्हणाले! अंजीर! दगड सडतात का रे कधी?"

मावशी अंगाने भरभक्कम. ती पहिल्या पायरीवर धाडकन चढली. "हा दगड माझ्या नवऱ्याने बसवलेला!" दुसरीवर उडी मारली. "हा सासऱ्यांनी डोक्यावरून आणलेला!" अशी एकेका दगडावर नाचत, शिव्या मोजत मावशी अकराव्या पायरीपर्यंत गेली. सिमआनने डोळे मिटून घेतले. त्याला गाद्या दिसू लागल्या.

उस्ताज लबीब मात्र खाली वाकून दगडांकडे बघत होते. एकही हलला नव्हता!

"बांधकामाला पैकीच्या पैकी," त्यांनी उरलेल्या कागदावर लिहिलं. "परवानगीला शून्य. सिमआन, तुम्ही पास. गवंडी म्हणून नोकरी पक्की. मुकादम नजलाबाई."

सिमआनने उस्ताजांचे हात हातात घेतले. अबिजान टळलं होतं! मुकादमकीचं दुःख मागाहून करता आलं असतं.

नव्या मुकादमबाईंनी पहिलाच हुकूम सोडला, "दाजी, आधी मावशींची भिंत."

चार दिवस ओढ्यातून दगड वाहून त्याने भिंत उभी केली, आधीपेक्षा हातभर उंच. मावशी विरघळली. तिने त्याला कॉफी पाजली आणि घरोघर जाऊन भिंतीचं कौतुक केलं. तिथेच घोटाळा झाला.

पाचव्या दिवशी सकाळी सिमआनने दार उघडलं, तर अंगणात नऊ माणसं!

"माझ्या भिंतीचे दगडसुद्धा तूच नेलेस," पहिला म्हणाला.

"काका, तुमची भिंत माझ्या जन्माआधी पडलीय!"

"असेल बाबा," काका शांतपणे बाकावर टेकले. "पण आता तुझा हात बसलाय ना! लावून टाक की!"

सिमआनने मोठ्या आशेने मुकादमबाईंकडे पाहिलं. नजलाने वही उघडून पेन काढलं होतं आणि ती त्या नऊ जणांकडून लेखी परवानग्या घेत होती.