विसरल्याचं प्रतिज्ञापत्र

विभावरी देवरे यांच्याकडच्या क्रिप्टोच्या पाकिटाने चौथा पिनही नाकारला आणि कारण लेखी दिलं: "सदर आकडा अर्जदाराच्या ओळखीचा आहे. अनोळखी आकडा सादर करावा. आज्ञेवरून."

पाकीट कसलं, बोटाएवढं यंत्र ते. दोन बटणं आणि एक अरुंद काचेची पट्टी. त्या पट्टीवर अक्षरं सरकत यायची. विभाताईंना ती वाचताना आपले जुने सुपरवायझर आठवत. तीच भाषा, तोच न रागावता नाही म्हणण्याचा सूर. त्यामुळे त्यांना पाकिटाचा राग येत नव्हता. फक्त अडचण होत होती.

अडचण अशी, की विभाताईंनी चौतीस वर्षं निंबखेड्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम केलं होतं. गाव आणि आसपासच्या अकरा खेड्यांचे चार आकडी नंबर त्यांनी हातांनी जोडले होते. आता कोणताही चार आकडी नंबर मनात आणला की मागून एक माणूस उभं राहायचं. पहिला पिन त्यांनी स्वतःचं जन्मसाल दिलं, तो पाकिटाने नाकारणं रास्तच होतं. दुसरा पेठे डॉक्टरांचा निघाला. तिसरा सोसायटीच्या गोदामाचा. चौथा नंबर तर त्यांनी डोळे मिटून दाबला होता. तरी तो पिठाच्या गिरणीवाल्या धोंडूआप्पाचा निघाला, आणि धोंडूआप्पा जाऊन वीस वर्षं झाली होती.

पाकीट त्यांच्या भाचीचं होतं. मृण्मयी समुद्रावरच्या बर्फाचा अभ्यास करायला चौदा महिन्यांसाठी जहाजावर निघाली होती. पाच वर्षांत तिने जे काही साठवलं ते सगळं या पाकिटात होतं. परत आल्यावर तिला गावातच प्रयोगशाळा काढायची होती, खारट विहिरींचं पाणी गोड करण्याची.

"बँकेत ठेव ना," विभाताई म्हणाल्या होत्या.

"आत्या, आपली किल्ली आपल्याच हातात हवी. मधे कुणी साहेब नको, कुणाची सही नको. पिन तू ठरव, मलासुद्धा सांगू नकोस. मी तिकडे बर्फात पडले-झडले तर?"

"आणि तुझे बाबा?"

"बाबा संध्याकाळपर्यंत पारावर सांगून येतील."

हे खरं होतं. विभाताईंनी पाकीट ठेवून घेतलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची गुपितं सांभाळली होती. स्वतःचं असं एकही गुपित त्यांच्याकडे नव्हतं. आता एक मिळणार होतं, आणि ते त्यांना मनापासून हवं होतं.

पाकिटाने एकवीस दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात पिन कायम झाला नाही तर ते स्वतःला कायमचं बंद करून घेणार होतं.

विभाताईंनी विचारलं, "आकडा अनोळखी आहे हे ठरवायचं कसं?"

"सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा," पाकिटाने कळवलं.

ग्रामसेवक हेमराज सोनवणे यांनी अर्ज दोनदा वाचला. "ताई, रहिवासी दाखला देतो, हयातीचा देतो. अनोळखीचा पहिल्यांदाच देतोय. पण पद्धत तीच. सात दिवस जाहीर नोटीस लावायची, हरकती मागवायच्या. कुणी आलं नाही तर दाखला."

"तसंच करा. नियमाने झालेलं बरं," विभाताई म्हणाल्या. त्यांना बरं वाटलं. नोटीस, हरकत, दाखला ही वाट त्यांच्या पायाखालची होती.

विभाताईंनी सुचवलेला पाचवा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर मोठ्या खडूने लिहिला गेला. खाली मजकूर होता: "वरील आकड्याशी कोणाचे नाते, ओळख अथवा जिव्हाळा असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे."

सहाव्या दिवशी चंद्रभागाबाई अहिरे काठी टेकत आल्या.

"माझ्या म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचे हे शेवटचे चार आकडे आहेत."

"म्हैस कुठे आहे?" हेमराजने विचारलं.

"गेली पोळ्याच्या आदल्या दिवशी. म्हणून काय झालं? तू तुझ्या आजाला विसरलास का?"

हेमराजने हरकत पाकिटापुढे ठेवली. पट्टीवर अक्षरं आली: "हरकत मान्य. म्हैस दिवंगत असली तरी नाते कायम आहे."

विभाताईंनी चंद्रभागाबाईंना चहा पाजला आणि दुपारभर झोपाळ्यावर बसून राहिल्या. मनातल्या मनात त्यांनी एक्सचेंजचा जुना बोर्ड समोर उभा केला. एकेका भोकावरून बोट फिरवत गेल्या. दिवेलागणीला त्यांना एक नंबर सापडला. तो कधी कुणाला मिळालाच नव्हता. चौतीस वर्षांत त्यांनी त्यात एकदाही दोरी खोचली नव्हती. त्यांना त्या नंबराची थोडी दया आली, पण ओळख नव्हती ती नव्हतीच.

तो फलकावर लागला. सात दिवस गेले. हरकत आली नाही. लोक येता-जाता मोठ्याने वाचायचे, आठवून बघायचे आणि "नाही बुवा आपल्यातला" म्हणून पुढे जायचे. चौदाव्या दिवशी दाखला मिळाला. विभाताईंनी तो आकडा पाकिटात भरला.

पाकिटाने तो तात्पुरता नोंदवून घेतला आणि कळवलं: "आकडा अनोळखी असल्याची खात्री झाली. तथापि तो आता २,३१८ मतदारांस तोंडपाठ आहे. गुप्ततेबाबत खुलासा करावा."

मृण्मयीचा बंदरावरून फोन आला.

"आत्या, तू पिन फलकावर लावलास?"

"मग हरकती कशा मागवणार होते?"

मृण्मयी म्हणाली, "नवा आकडा घे."

"नव्या नोटिशीला सात दिवस लागतात. दाखल्याला एक दिवस सोडला तर उरतात सहा."

"मग?"

"मग खुलासा करायचा," विभाताई म्हणाल्या. "तू स्वेटर घेतलास ना?"

खुलासा पाकिटानेच सुचवला. ज्यांना आकडा माहीत आहे त्या प्रत्येकाने तो विसरल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं. हेमराजने नमुना तयार केला: "मी शपथेवर लिहून देतो/देते की मला तो आकडा आठवत नाही. कोणता, तेही आठवत नाही."

फलक पुसून वरून चुना मारला. मग हेमराज मतदार यादी घेऊन घरोघर निघाला. विभाताई बरोबर होत्या. कुणापुढे हात पसरायची त्यांना सवय नव्हती. पहिल्याच दारात त्या अडखळल्या, तर सरला खैरनारने त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला.

"ताई, माझं पळून जायचं बोलणं तुम्ही जोडलं होतं. आईला बारा वर्षं कळू दिलं नाहीत. मी एक आकडा विसरू नको?"

असंच घरोघर झालं. माणसं ओट्यावर बसत, डोळे मिटत, कपाळ चोळत आणि थोड्या वेळाने सही करत. काहींना एक दुपार लागली. मुख्याध्यापक कुवर सरांना दोन दिवस लागले, कारण गणित हा त्यांचा विषय होता. पण ते विसरले. निंबखेड्यात खोटी सही कुणी केली नाही.

तिसऱ्या दिवशी यादी विभाताईंच्या स्वतःच्या घराशी आली.

"तुमचंही नाव आहे ताई. अनुक्रमांक अकराशे सात."

"आहे तर सही हवी," विभाताई म्हणाल्या. "सगळं गाव माझ्यासाठी विसरलं आणि मी तेवढी बाजूला बसू?" त्या ओट्यावर बसल्या, डोळे मिटले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर त्यांनी सही केली. त्याही खोटी सही करत नसत.

एकविसाव्या दिवशी सकाळी एकच सही उरली होती. चौकातल्या गुलाबराव बागूल टेलरची.

"नाही जमत, विभाताई," गुलाबराव मशीनवरून न उठता म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "पाच दिवस झोप नाही. मी कधी वही ठेवली नाही. अख्ख्या गावाची मापं डोक्यात आहेत. आकडा आत गेला की बसला. खोटी सही करा म्हणत असाल तर..."

"तसं मी म्हणणार नाही."

"माहीत आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटतंय."

मुदत दुपारी बारापर्यंत होती. घड्याळात साडेनऊ झाले होते. विभाताई पाटावर बसल्या. आता भाचीला काय सांगायचं याची त्या वाक्यं जुळवू लागल्या, पण एकही वाक्य जुळेना. मग त्यांनी विचारलं, "गुलाबराव, तुम्ही माप कधी विसरतच नाही?"

"विसरतो ना. कपडा शिवून झाला, गिऱ्हाइकाच्या अंगावर बसला, की माप गेलं. मग त्याला पुन्हा उभं राहावं लागतं टेप लावायला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"मग शिवा काहीतरी," विभाताई म्हणाल्या.

"त्या आकड्याचं? काय शिवू?"

विभाताईंनी कनवटीचं पाकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "याला बटवा शिवा."

गुलाबरावांनी सुती खणाचा तुकडा घेतला. चार आकडे, चार मापं. अकराला बटवा तयार झाला. झाकण भलतंच मोठं झालं होतं, जिभेसारखं बाहेर लोंबत होतं. पण कारागिराने मापात लबाडी केली नव्हती.

"उंची, रुंदी, झाकण, नाडी," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "माझा क्रम हाच. इंचांत."

पाकीट आत घातलं. बरोबर बसलं. गुलाबरावांनी मान तिरकी करून बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"कसलं माप होतं हो?" ते म्हणाले. मग त्यांनी सही केली आणि मशीनवर डोकं टेकून झोपी गेले.

पावणेबाराला पट्टीवर अक्षरं आली: "खुलासा समाधानकारक. पिन कायम."

चौदा महिन्यांनी मृण्मयी परत आली. नाकाचा शेंडा काळवंडलेला, आवाज मोठा, आणि प्रयोगशाळेच्या जागेचा नकाशा बॅगेत नाही तर हातातच. मुहूर्ताला ती थांबायला तयार नव्हती.

"आत्या, उघड."

विभाताईंनी बटव्यातून पाकीट काढलं. पाकिटाने पिन मागितला.

"मला तो आठवत नाही," विभाताई म्हणाल्या. "कोणता, तेही आठवत नाही. तसं मी लिहून दिलंय."

"आत्या!" मृण्मयी ओरडली. "तीन वेळा चुकलं तर सगळं पुसलं जातं. माझ्या विहिरी!"

"ओरडू नकोस. चप्पल घाल."

त्या चौकात आल्या आणि गुलाबरावांकडे टेप मागितली. गुलाबरावांनी बटवा बघितला, टेप दिली आणि काही न विचारता पाठ फिरवून उभे राहिले. त्यांचं बघून चहावाल्या निंबाने पाठ फिरवली. मग पारावरच्या मंडळींनी, मग स्टँडवर उभ्या असलेल्यांनी. मृण्मयीचे बाबाही त्यांच्यात होते. सगळा चौक भिंतींकडे तोंड करून उभा राहिला. मृण्मयीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि तीही वळली.

विभाताईंनी बटवा मांडीवर ताणून धरला. उंची. रुंदी. झाकण. नाडी. एकेक आकडा दाबला.

"पिन चुकीचा. प्रयत्न दोन शिल्लक."

"गुलाबराव," विभाताई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"बोला," गुलाबराव भिंतीला म्हणाले.

"नाडीचं माप दोन आकड्यांच्या मधे येतंय. मी मागचा धरला."

"बटवा धुतलात का?"

विभाताईंनी नाडी चाचपली. "दिवाळीला."

"सुती आहे ताई. आटणारच," गुलाबराव म्हणाले. "पुढचा धरा. कोणता ते मला सांगू नका."

विभाताईंनी पुढचा धरला. पट्टी क्षणभर काळी झाली, मग उजळली. पाकीट उघडलं. मृण्मयीने मागे न बघताच विचारलं, "झालं?" आणि विभाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं. वळा आता सगळे. निंबा, चहा टाक."

माणसं वळली. विभाताईंनी पाकीट बटव्यात ठेवण्याआधी पट्टीवर आणखी एक ओळ सरकत आली. त्यांनी ती चष्मा लावून नीट वाचली आणि मान डोलावली.

"बटवा यापुढे धुऊ नये. आज्ञेवरून."