चार माणसं लागतील

बस, टेक जरा. टेलरकाकाच्या कपाटाची गोष्ट सांगतो, मधे तोंड घालू नकोस.

आपला टेलरकाका कापडाची चिंधी वाया जाऊ देत नाही, पण बोलायला लागला की ताग्यामागून तागा सोडतो. नातेवाइकांना फोनवर निरोप धाडायचा, तर आधी सगळ्यांची खुशाली, मग स्वतःचा गुडघा, मग शेजारच्या कुत्र्याचा गुडघा. कामाचं पार शेपटाला. लेकीच्या नव्या घरी सागवानी कपाट द्यायचंय, तिसऱ्या मजल्यावरून उतरवायला माणसं हवीत, असं महिनाभर लिहीत होता. एकही जण फिरकला नाही.

लेक वर्तमानपत्रात. दिवसभर लोकांच्या बातम्यांना कात्री लावते. त्या दिवशी टेम्पोवाला खाली येऊन उभा राहिला, "बारानंतर थांबणार नाही" म्हणाला. तिनं बापाच्या हातातला फोन ओढला.

"बाबा, एवढं कोण वाचणार? गुडघा काढा."

"अगं, दुखतोय तो!"

"दुखू दे. कुत्रा काढा. कपाटही काढा."

"कपाट काढलं तर राहिलं काय?"

"महिनाभर तेच लिहिताय ना? सगळ्यांना पाठ झालं असेल."

निरोप गेला: 'चार माणसं लागतील. खाली न्यायचंय. बाराच्या आत या.' बाप मागून शेपूट जोडेल, म्हणून तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

थोड्याच वेळात जिना माणसांनी भरला. पुढे मेव्हणा डोळे पुसत. मागे काकाची धाकटी बहीण, कित्येक वर्षं अबोला धरलेली. तिनं दारातच हंबरडा फोडला, "दादा रे, आता भांडू कुणाशी मी!"

"माझ्याशीच की," म्हणत काका आतून दोरी घेऊन आला.

सगळे गार. मग मेव्हणा भडकला. "भावजी, तुम्ही जिवंत कसे?"

"म्हणजे? नको होतो?"

"अहो, तुमच्या फोनवरून एवढासा निरोप! तुम्ही असताना हे शक्य आहे का?"

"आणि कपाटाचं महिनाभर लिहितोय ते?"

मेव्हणा जिन्याकडे बघायला लागला. "आम्ही... गुडघ्यापर्यंत वाचतो."

तेवढ्यात काकू बाहेर आली. "खांदा द्यायला आलाच आहात, तर द्या!"

कपाट निघालं. बहिणीचं रडं थांबेना, म्हणून तीही मागून रडत निघाली. जिन्यावरचे शेजारी मान खाली घालून बाजूला झाले. टेम्पोवाल्यानं गाणं बंद केलं, हळूच विचारलं, "कोण होतं?"

"माझ्या लग्नातलं," काका म्हणाला, आणि लग्न ठरल्यापासून सांगायला बसला. बारा कधी वाजून गेले, टेम्पोवाल्यालाही कळलं नाही.

आता सगळे त्याचा निरोप शेवटपर्यंत वाचतात. जेवढा लांब, तेवढा जीव भांड्यात.

तुला का सांगतोय? कपाट लेकीच्या दारातून आत जाईना. परत आलंय, खाली उभं आहे. थोडक्यात बोलावलं असतं, तर तूही रडतच आला असतास. ऊठ बाबा, एक कोपरा धर.