सोपानआबांची किनारपट्टी

आमचे शेजारी सोपानआबा बेटावर राहतात. त्यांच्या भिंतीला भिंत लावून आम्ही वीस वर्षं राहतोय, पण आम्ही जळोचीत राहतो आणि ते बेटावर. कसं काय, असं विचारायची सोय नाही. विचारलं की ते अंगणात बसकण मारून काडीनं नकाशा काढतात.

"ह्यो बगा मास्तर. वर भीमा, खाली नीरा, मधनं कऱ्हा. आन् तिकडं नरसिंगपुरात भीमा-नीरा एक व्हत्यात. तीन बाजूंनी पानी आलं का न्हाय?"

"आणि चौथ्या बाजूला?"

"चवथ्या बाजूला पाट हाय की!"

अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी घालतो, हा माझा दोष.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आबा कामाचा माणूस होता. साखर कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलेलं, गल्लीतल्या कुणाचीही मोटर बंद पडली की पान्हा घेऊन हजर. मग निवृत्त मंडळींच्या सहलीबरोबर ते अंदमानला गेले आणि वाया गेले. तिथं म्हणे कुणी गाईडनं त्यांना समुद्राच्या कडेकडेनं, टेकड्यांवरून, नारळीतून चार दिवस चालवलं. परत आले ते गोल टोपी, गळ्यात शिट्टी आणि तोंडात एक वाक्य घेऊन : "अंदमानला बी आसंच हाय." आमटीत मीठ जास्त पडलं, अंदमानला बी आसंच हाय. वीज गेली, अंदमानला बी आसंच हाय. कन्हेरीच्या डोंगरावर जरा वारा सुटला, की आबा डोळे मिटून नाकानं खारी हवा शोधायचे. तिथं खत टाकल्याचा वास यायचा.

बेट म्हटलं की किनारा हवा. तो त्यांनी इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर शोधून काढला. त्या पाण्याला त्यांच्यासमोर धरण म्हणायचं नाही. समुद्र म्हणायचं. पाटाला पाणी सुटून धरणाची पातळी उतरली की ओहोटी, वरच्या अंगाला पाऊस होऊन चढली की भरती. एवढी सहा-सहा महिन्यांची भरती-ओहोटी असणारा समुद्र जगात दुसरा नसावा, ही गोष्ट मात्र आबा अभिमानानं सांगत.

दर रविवारी पहाटे गल्लीत शिट्टी वाजायची. "किनारा बघायला कोन कोन येतंय?" कोण येणार? पहिल्या वर्षी पाचसहा म्हातारे फुकटच्या हवापालटासाठी गेले. मीही एकदा गेलो. त्याचा पश्चात्ताप मला अजून होतो.

झालं असं, की आबांनी थंडीच्या सुरुवातीला पाण्याच्या कडेनं चार मैल वाट आखली होती. कुस्तीच्या आखाड्याला मारतात तशी पांढरी फक्की मारून, दगडांवर बाण काढून. आम्ही गेलो फाल्गुनात. तोवर समुद्र अर्धा मैल मागं सरकला होता आणि उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी नेहमीप्रमाणे काकड्या-कलिंगडं लावली होती. शहाणा माणूस पाण्याकडं बघून चालला असता. आबा बाणांकडं बघून चालले. आम्ही सहा निवृत्त माणसं एकामागोमाग एक, कुणा एकाच्या काकडीच्या वेलांतून निघालो.

तो खुरपं घेऊन धावतच आला. "आरं ए! वेल तुडवताय व्हय रं?"

आबांनी शिट्टी मारून आम्हाला थांबवलं आणि त्यालाच सुनावलं, "ही भरतीची रेघ हाय. हितं शेती करता येत न्हाय."

"कसली भरती? डोकं फिरलंय का तुमचं?"

"अंदमानला बी आसंच हाय," आबा शांतपणे म्हणाले.

आम्ही माफी मागितली, प्रत्येकी दोन किलो काकड्या विकत घेतल्या आणि सुटलो. त्यानंतर माझ्यासकट सगळ्यांनी रविवारी उशिरा उठायला सुरुवात केली.

ह्या सगळ्या पोरकटपणाचा मला राग यायचा तो मालनकाकूंमुळं. काकू म्हणजे आबांच्या बायको. त्यांचं माहेर भीमेकाठचं. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी गाव उठलं आणि धरणाच्या पाण्याखाली गेलं. भावानं नव्या जागेवर दोन खोल्या टाकल्या, तिथं काकू जायच्या. पण त्या पाण्याकाठी त्या एकदाही गेल्या नाहीत. सोलापूर रस्त्यानं एसटी चालली की पाणी दिसायच्या आधी त्या उठून पलीकडच्या बाजूला बसायच्या. आणि हे महाशय दर रविवारी त्यांच्याच दारात उभे राहून विचारणार, "येतीस का किनाऱ्यानं चालायला?"

"काय बगायचंय तितं? माज्या आईचा हुंबरा दिसतोय व्हय?" काकू आतूनच म्हणायच्या.

बायकोच्या माहेरावर पाणी चढलं आणि हा गृहस्थ तिथं समुद्र समुद्र खेळतो! मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी पुन्हा शिट्टी मारली. बधिर माणूस आहे, असं मी घरात येऊन बायकोला म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात काकूंचे भाऊ वारले. भाचे पुण्याला गेले, त्या दोन खोल्यांना कुलूप लागलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ मुराळी म्हणून काकूंना न्यायला यायचा, एक वर्ष चुकला नव्हता. यंदा गल्लीतल्या सुना एकेक करून माहेरी निघाल्या आणि काकू ओट्यावर बसून त्यांच्याकडं बघत होत्या. मला ते बघवेना.

तेवढ्यात आबा बाहेर आले. टोपी गांधी, धोतर पांढरंशुभ्र, गळ्यात शिट्टी नाही. "मास्तर, जरा गाडी काढता का? हिला न्यायचंय."

"कुठं? समुद्रावर?" मी खवचटपणे विचारलं.

"म्हायेराला," आबा म्हणाले. मग काकूंकडं वळून, "चल. यंदा मुराळी मी."

काकूंनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. आज तरी नाही म्हणा, असं मी मनात म्हणत होतो. पण त्या उठल्या आणि पिशवीत लुगडं भरून आल्या.

आम्ही निघालो. पाणी दिसलं तशी काकूंनी मान फिरवली. गाडी थांबली तरी त्या उतरेनात. आबांनी घाई केली नाही. ते एकटेच काठावर गेले, तांब्या बुडवून भरला, खिशातून फडक्यात बांधलेला भाकरीचा तुकडा काढला आणि पाण्याकडं पाठ करून उभे राहिले. घरच्या उंबऱ्यात उभं राहावं तसे.

काकूंनी ते पाहिलं आणि दार उघडलं.

माहेरी आलेल्या लेकीवरून आई नाहीतर भावजय भाकरतुकडा ओवाळून टाकते. हे बायकांचं काम. आबांनी जन्मात ते केलेलं नव्हतं. तांब्या एका हातात धरून दुसऱ्या हातानं ते काकूंवरून तुकडा ओवाळायला लागले.

"उलटं फिरवताय," काकू म्हणाल्या.

"मला काय सवय हाय व्हय?"

"ऱ्हाऊ द्या. फिरवा तसंच."

आबांनी तुकडा पाण्यात टाकला, ओल्या बोटांनी काकूंच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "ये माले. घरात ये."

मला माझी लाज वाटली. तीन वर्षं हा माणूस ज्या पाण्याला धरण म्हणू देत नव्हता, ते कुणासाठी, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात शिरलं नव्हतं.

काकूंनी डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि कमरेला खोचला. माहेरात लेकी डोक्यावर पदर घेत नाहीत. शेजारी राहून वीस वर्षांत मी त्यांचे केस पहिल्यांदा पाहिले, सगळे पांढरे झालेले. मग त्या पाण्याच्या कडेकडेनं अनवाणी, भराभरा चालायला लागल्या, आणि आबा त्यांच्या चपला हातात घेऊन मागं.