सोपीनोना चुलीला हात लावणार नाहीत

यंदाच्या एप्रिलमधल्या सिंहली नववर्षाला सोपीनोना चुलीला हात लावणार नाहीत, असं उपुलने फेब्रुवारीतच जाहीर करून टाकलं. सोपीनोना म्हणजे त्याची सासू. उपुल अकुरेस्सच्या बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा, त्यामुळे एखादी गोष्ट तारीखवार जाहीर केली की ती घडतेच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बस उशिरा येते तो ड्रायव्हरचा दोष. वेळापत्रकाचा नव्हे.

"अम्मा, यंदा तुम्ही समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसायचं," त्याने सांगितलं. "रिसॉर्टला पाच तारे आहेत. चुलीचं ते लोक बघतील."

सोपीनोनांनी मुलीकडे मान वळवली. "इनोका, तुझ्या नवऱ्याला विचार, ताऱ्यांवर दूधभात शिजतो का."

उपुलची सगळी अडचण ही अशी होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी सासूबाई त्याच्याशी थेट बोलत नसत. जो काही व्यवहार व्हायचा तो इनोकामार्फत, दोन देशांच्या वकिलातींमध्ये होतो तसा. मोठा जावई रणसिरी मात्र पहिल्या भेटीपासून 'पुता', म्हणजे लेक. त्याने काय केलं होतं? एकदा विहिरीत पडलेली बादली काढून दिली होती. उपुलने त्यानंतर त्या विहिरीवर पंप बसवून दिला, तर सोपीनोना म्हणाल्या की पाण्याची चव गेली. आता मात्र बादलीबिदली नाही, थेट रिसॉर्ट! एप्रिल संपेपर्यंत आपण 'पुता' झालेलो असू, याबद्दल उपुलला तिळमात्र शंका नव्हती.

रिसॉर्ट टांगल्लच्या किनाऱ्यावर होतं. त्याचं नाव इतकं लांब होतं की फोनवरची मुलगी ते सांगता सांगता मध्ये श्वास घ्यायची. पॅकेजमध्ये समुद्र दिसणारी खोली, तीन वेळचं जेवण आणि 'अस्सल ग्रामीण अनुभव' एवढं सगळं होतं. ऐन नववर्षाच्या दिवशी खोली कशी काय मोकळी मिळाली, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. उपुलला ती आपली हुशारी वाटली. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात त्याने डेपोतल्या एकोणसाठ ड्रायव्हर-कंडक्टरांच्या रजेवर स्वतः सह्या केल्या होत्या, कारण त्या दिवशी जो तो आपल्या घरी चूल पेटवायला जाणार. आचाऱ्यांनाही घर असतं, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही.

नववर्षाच्या सकाळी तिघं गाडीने निघाली. सोपीनोनांसोबत एक भलं मोठं बोचकं होतं. त्यात काय आहे असं उपुलने विचारलं, तेव्हा उत्तर इनोकामार्फत आलं की कपडे आहेत. प्रत्येक खड्ड्याला कपडे खणखणत होते.

ज्योतिषांनी यंदाचे मुहूर्त छापून दिले होते आणि तो कागद सोपीनोनांच्या कमरेला खोचलेला होता. आठ वाजून वीस मिनिटांनी नोनगते लागणार. जुनं वर्ष निघालंय आणि नवं अजून पोचलेलं नाही असा हा मधला काळ. या काळात काम नाही, खाणं नाही, देणंघेणं नाही. तीन बाराला दक्षिणेकडे तोंड करून चूल पेटवायची. चार पन्नासला पहिला घास, पहिलं काम, पहिला व्यवहार.

रिसॉर्टच्या दारात ते आठ वाजून नऊ मिनिटांनी उतरले. अकरा मिनिटं हातात होती. उपुलने घड्याळाकडे असं पाहिलं, जणू ते त्याच्या हाताखालचा कर्मचारी होतं.

मॅनेजर शेवॉन हा कोलंबोचा तरुण पोरगा. सूट घातलेला, चेहरा घामाघूम. त्याने थंडगार ओले रुमाल दिले. मग शहाळी आली. शहाळ्यातलं पाणी संपेपर्यंत त्याने रिसॉर्टचा इतिहास सांगितला. मग शिंपल्यांच्या माळा. मग पितळी घंटेवर तीन टोले, आणि प्रत्येक टोल्यानंतर डोळे मिटून शांतता अनुभवायची होती. उपुलने शांतता घाईघाईने अनुभवली, रजिस्टर ओढलं, पेन टेकवलं.

"इनोका, तुझ्या नवऱ्याला सांग, पेन खाली ठेव म्हणावं."

घड्याळात आठ एकवीस झाले होते.

शेवॉनने परोपरीने समजावलं, की सहीशिवाय खोलीची किल्ली देता येत नाही, संगणक देऊच देत नाही. सोपीनोनांनी त्याला शांतपणे मुहूर्तांचा कागद दाखवला. नोनगत्यात व्यवहार सुरू केला तर वर्षभर काय काय होतं, याची दोन उदाहरणंही दिली. एकात माणूस वारला होता, दुसऱ्यात त्याने राजकारणात प्रवेश केला होता. शेवॉनने किल्ली परत खणात ठेवली.

अशा रीतीने पाच ताऱ्यांच्या रिसॉर्टमध्ये उपुलचं कुटुंब साडेआठ तास लॉबीतल्या सोफ्यावर बसणार हे ठरलं. समोर टॉवेलचा केलेला एक राजहंस होता. दहा वाजेपर्यंत त्याची मान कलली. अकरा वाजता तो बदकासारखा दिसू लागला.

"आराम वाटतोय ना, अम्मा?" उपुलने विचारलं. आवाजात काडीचाही संकोच नव्हता.

"इनोका, तुझ्या नवऱ्याला सांग, बस स्टँडवर पंखा तरी असतो."

बाराच्या सुमारास शेवॉनच सोफ्याच्या कडेला येऊन टेकला आणि त्याचा बांध फुटला. तो इथे येऊन तीन आठवडेच झाले होते. आठ वीसला मुख्य आचाऱ्याने गॅस बंद केला, स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तो हंबनतोटाला घरी गेला. बाकीचे त्याच्याही आधी गेले. चूल आपापल्या घरीच पेटवायची असते सर, असं म्हणाले. वर चौतीस परदेशी पाहुणे. त्यांना शेवॉनने सांगून टाकलं होतं की आज उपवास-चिकित्सेचा दिवस आहे. काहींनी त्याचे आभारही मानले होते. पण ते सकाळी. आता दोन जर्मन बाया फळांच्या शोभेच्या टोपलीभोवती घिरट्या घालत होत्या आणि टोपलीतली फळं मेणाची होती.

"तूही काही खाल्लं नाहीस?" सोपीनोनांनी विचारलं. थेट. त्यालाच.

"कालपासून नाही, अम्मा."

उपुलने घड्याळात पाहिलं. या पोराची ओळख होऊन चारच तास झाले होते.

तीन वाजता सोपीनोना उठल्या आणि बोचकं सोडलं. कपड्यांमधून कोरं मडकं निघालं, तांबडे तांदूळ निघाले, सहा नारळ, सरपणाची मोळी, कळशी, पळी आणि बैठी खवणी निघाली. तळाशी एक लुगडंसुद्धा होतं. म्हणजे कपडे आहेत हे खोटं नव्हतं.

"अम्मा, चुलीला हात लावायचा नाही असं ठरलं होतं," उपुल म्हणाला.

"इनोका, तुझ्या नवऱ्याला विचार, चूल न पेटवता वर्ष सुरू झालं तर त्याच्या डेपोतून बस निघेल का."

वेळापत्रकाचाच प्रश्न आल्यावर उपुल चुलीसाठी जागा शोधायला निघाला. स्वयंपाकघराला कुलूप, खोलीला सही नाही, वाळूवर वारा. उरला लॉबीपुढचा संगमरवरी ओटा, त्याचं तोंड समुद्राकडे, म्हणजे बरोब्बर दक्षिणेला. ध्यानाच्या बागेत एकावर एक रचलेले तीन गुळगुळीत दगड होते. मनःशांतीसाठी. सोपीनोनांनी उपुलला बोटानेच खुणावलं आणि मनःशांतीची चूल मांडली गेली. तीन बाराला काडी लागली आणि इनोकाने एक नारळ खवून त्याचं दूध मडक्यात ओतलं.

समुद्राचा वारा दक्षिणेकडून येतो आणि धूर उत्तरेला जातो, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. उत्तरेला लॉबी होती. लॉबीच्या छतात आगीची सूचना देणारं यंत्र होतं आणि रिसॉर्टमधली तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी रजेवर नव्हती.

भोंगा असा काही वाजला की टांगल्लच्या होड्या किनाऱ्याकडे वळल्या असाव्यात. छतातून पाण्याचे फवारे सुटले. सोफा भिजला, राजहंस विरघळला, नारळ आणायला आत गेलेला उपुल नववर्षाच्या नव्या पांढऱ्या शर्टासकट चिंब झाला. वरच्या मजल्यांवरून चौतीस परदेशी पाहुणे धावत खाली आले. आग लागल्यास कुठे जमायचं याची पाटी प्रत्येक खोलीत होती, आणि ती जागा म्हणजे हाच ओटा!

तिथे एक म्हातारी तीन दगडांपुढे उकिडवी बसून मडक्याकडे एकटक बघत होती. भोंगा वाजत होता. तिने मान वळवली नाही. दूध फुगलं, काठावर आलं आणि चारी बाजूंनी भरभरून उतू गेलं. वर्ष चांगलं जाणार! सोपीनोनांनी हात जोडले. त्याच क्षणी शेवॉनने भोंगा बंद केला आणि चौतीस जणांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. अस्सल ग्रामीण अनुभव सुरू झाला असं त्यांना वाटलं. त्या अनुभवाचे पैसे उपुलने भरले होते आणि तो पुरवत होती त्याची सासू.

सोपीनोनांनी त्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. इतकी उपाशी माणसं त्यांनी एका ठिकाणी कधी पाहिली नसावीत. त्यांनी शेवॉनला गावात पिटाळलं. ज्या घराची चूल पेटलीय तिथून मडकी, तांदूळ आणि नारळ माग, माझं नाव सांग, भुकेल्याला दिलेलं देण्याघेण्यात धरत नाहीत, म्हणाल्या. टांगल्लमध्ये त्यांना कुणीही ओळखत नव्हतं. तरी तो वीस मिनिटांत गाडी भरून घेऊन आला.

मग त्यांनी खवणी पायाने उपुलकडे सरकवली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घालता, त्याच्याशी बोलल्या.

"खव."

उपुलने खवलं. भिजल्या शर्टात, धुराने डोळे चुरचुरत असताना त्याने एकोणचाळीस नारळ खवले. बाराव्या नारळाला बोट सोलपटलं, विसाव्याला कंबर धरली. तिसाव्याला एक जर्मन बाई त्याचा फोटो काढून गेली. तो मात्र मनात हिशेब जुळवत होता की बादली एकच होती आणि नारळ एकोणचाळीस आहेत.

चार पन्नासला केळीच्या पानांवर दूधभाताच्या वड्या पडल्या. पहिला घास घरातल्या मोठ्यांनी भरवायचा असतो. उपुल पुढे होऊन गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले, आ केला. घास त्याच्या कानाजवळून गेला.

"घे पुता," सोपीनोना म्हणाल्या, आणि तो शेवॉनला भरवला.

दुसरा घास उपुलला मिळाला. मीठ बरोबर होतं, हे त्याला कबूल करावं लागलं.

पहिल्या व्यवहाराचाही मुहूर्त हाच होता, म्हणून शेवॉनने तिथेच रजिस्टर उघडलं. समुद्र दिसणारी सगळ्यात मोठी खोली अम्मांना आमच्यातर्फे, म्हणाला. अम्मांबरोबर मुलगी. "आणि हे आपले कोण?" त्याने उपुलकडे पेन रोखून विचारलं. दिवसभर 'तुझ्या नवऱ्याला' ऐकूनही तो नवरा म्हणजे हाच, हे बिचाऱ्याला त्या अवतारात ओळखूच आलं नव्हतं.

इनोकाने तोंड उघडलं होतं, पण सोपीनोनांनी तिला हाताने थांबवलं. भिजलेल्या, धुरकटलेल्या, केसांत खोबऱ्याचा चुरा अडकलेल्या त्या माणसाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा? हा माझा खोबरं खवणारा."

शेवॉनने तसंच लिहिलं. उपुलने सही केली. मुहूर्त टळून चाललेला, उगाच वाद कोण घालणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मुद्दाम रणसिरीला फोन लावला. रिसॉर्ट फर्मास आहे, अम्मा खूश आहेत, पुढच्या वर्षीचं आमंत्रणही आत्ताच मिळालंय, हे सगळं सांगून झाल्यावर सहज आठवल्यासारखं म्हणाला, "आणि काल सगळ्यांसमोर अम्मा मला 'माझा' म्हणाल्या."

पलीकडून रणसिरीने विचारलं, "माझा काय?"

"दादा," उपुल म्हणाला, "इथे लाटांमुळे काही ऐकू येत नाही." आणि त्याने फोन ठेवला.